कलम ६६ मधलं नाट्यगृह

आमच्या महापालिकेत नाट्यगृहावर झालेली बदली ही शिक्षाच मानली जायची. नगररचना, बांधकाम परवानगी, मालमत्ता कर ही वजनदार खाती. उद्यान, क्रीडा, वाचनालय आणि नाट्यगृह ही अडगळीची. वरिष्ठांशी ज्याचं पटत नाही, ज्याला निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरली आहेत किंवा ज्याच्यासाठी कुणाचा फोन येत नाही, त्याची रवानगी इकडे. मी तिसऱ्या प्रकारातला. करविभागात लिपिक होतो, तिथून उचलून मला नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीमागच्या खोलीत बसवलं. मधली काही वर्षं जलतरण तलाव, अभ्यासिका, महापौर चषकाच्या स्पर्धा असा फिरत राहिलो, पण नोकरीचा मोठा भाग नाट्यगृहातच गेला. व्यवस्थापक म्हणून निवृत्तही तिथूनच झालो.

नाटकाचं वेड म्हणाल तर ते मला नव्हतं. आज हे सांगायला संकोच वाटत नाही, कारण वेड नसल्याचा फायदाच झाला. नाटकवेडा माणूस व्यवस्थापक झाला की तो विंगेत उभा राहून प्रयोग बघतो. मी प्रयोग चालू असताना वरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघायचो.

रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत एका जुन्या सहकाऱ्याने कायद्याचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, म्हणजे पूर्वीचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९. (मुंबईचा कायदा वेगळा आणि जुना, १८८८ सालचा.) त्यातल्या कलम ६३ मध्ये पालिकेने करायलाच हवीत अशी कामं आहेत: पाणी, गटारं, दिवाबत्ती, साफसफाई, रस्ते. कलम ६६ मध्ये आहेत ती पालिकेला वाटलं तर, जमलं तर करायची कामं. वाचनालयं, संग्रहालयं, पोहण्याचे तलाव, सार्वजनिक ठिकाणी संगीत आणि करमणूक, नाट्यगृहं ही सगळी या दुसऱ्या यादीत. सहकारी म्हणाला, “आपण सहासष्टमधले. त्रेसष्टवाल्यांचं पोट भरलं की उरलेलं आपलं.” पुढे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक गोष्टींना चालना देण्याचं कामही शहरांच्या यादीत घातलं. कागदावर आमचा दर्जा वाढला. फाइलींच्या ढिगातली आमची जागा मात्र तळाशीच राहिली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको, पण आपल्याकडे पालिका आणि नाटक यांचं नातं जगावेगळं आहे. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर पालिकेचं. त्याची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि ते उघडलं २६ जून १९६८ ला. त्याआधीच्या वर्षीच बालगंधर्व गेले होते. ठाण्याचं गडकरी रंगायतन पालिकेचं, विलेपार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, वाशीचं विष्णुदास भावे, नाशिकचं कालिदास कलामंदिर, सगळी पालिकांची. शिवाजी मंदिर किंवा यशवंत नाट्यमंदिर यांच्यासारखी संस्थांची नाट्यगृहं बोटावर मोजण्याइतकी. म्हणजे मराठी व्यावसायिक नाटक ज्या रंगमंचांवर दौरे करतं त्यातले बहुतेक अशा खात्यांच्या हातात आहेत, ज्यांना कायदा म्हणतो की, जमलं तर करा.

आता हे चालतं कसं ते सांगतो. नाट्यगृह एक, पण त्याचे मालक सात. इमारत स्थापत्य विभागाची, दिवे आणि वातानुकूलन विद्युत विभागाचं, नळ पाणीपुरवठ्याचा, गटार मलनिःसारणाचं, समोरची हिरवळ उद्यान विभागाची, पहारेकरी सुरक्षा विभागाचे, झाडू मारणारी माणसं ठेकेदाराची. व्यवस्थापकाच्या हातात पावती पुस्तक आणि लोकांच्या शिव्या.

एक उदाहरण देतो. मेकअप रूममधल्या आरशांभोवती पिवळे गोल दिवे असतात. आमच्याकडे ते एकेक करत गेले. विद्युत विभागाला पत्र दिलं. त्यांनी पांढऱ्या ट्यूब बसवून दिल्या. तिसऱ्याच प्रयोगाला एक ज्येष्ठ अभिनेत्री माझ्या खोलीत आल्या आणि मला हाताला धरून आरशापुढे घेऊन गेल्या. म्हणाल्या, “इथं बघा माझा चेहरा. आता चला स्टेजवर.” स्टेजवरचे स्पॉट लावलेले होते. ट्यूबखाली नीट दिसणारे गाल तिकडच्या पिवळ्या उजेडात पार उडाले होते आणि डोळ्यांखालची रेघ काजळ सांडल्यासारखी दिसत होती. मी पुन्हा पत्र दिलं. उत्तर आलं की, अशा प्रकारचे दिवे दरसूचीत नाहीत. दरसूचीत नसलेली वस्तू घ्यायची तर स्वतंत्र दर ठरवावा लागतो, तीन दरपत्रकं मागवावी लागतात, टिपणी वर जाते, लेखा विभाग शेरा मारतो. एका दिव्याची किंमत वडापावाच्या दोन प्लेटींएवढी. कॅन्टीनवाल्याने आणून दिले ते शेवटी. त्याला दुसऱ्या दिवशी नाटकाची बस लवकर यायला हवी होती. कलाकार लवकर आले की चहा जास्त खपतो.

अशा मार्गांनी नाट्यगृह चालतं हे कुणी उघडपणे बोलत नाही. कॅन्टीनवाला, पडदा ओढणारे दादा, इस्त्रीवाला, निर्मात्याचा व्यवस्थापक, पार्किंगचा पोरगा, ही माणसं आपल्या सोयीसाठी किंवा आपलेपणाने भोकं बुजवत राहतात. पालिकेचा अहवाल मात्र ‘नाट्यगृह सुस्थितीत’ असा जातो.

नाट्यगृहाचा जीव असतो तो तारखांमध्ये. बाहेरच्या माणसाला वाटतं की, नाटकवाल्याने फोन केला, तारीख मोकळी असली, दिली. तसं नसतं. दिवसाची तीन सत्रं: सकाळ, दुपार, रात्र. शनिवार-रविवारची रात्र आणि रविवारची दुपार या मोठ्या तारखा. सगळ्या निर्मात्यांना त्याच हव्या. आमच्याकडे तीन महिन्यांच्या तारखा एकदम वाटल्या जायच्या. वाटपाच्या दिवशी मुंबईहून, पुण्याहून नाट्यव्यवस्थापक पहाटेच्या गाडीने यायचे. प्रत्येकाच्या काखेत डायरी, डायरीत पेन्सिलीने खुणा, कारण पेनाने लिहिलेली तारीख खोडावी लागली की अपशकुन. बाहेर एकमेकांच्या गळ्यात गळे आणि खोलीत आले की “माझं नवीन नाटक आहे, मला पहिला रविवार”. मग आपसात सौदे. “शनिवार रात्र तू घे, पण रविवार दुपार मला सोड. तुझा नट तसाही त्या दिवशी शूटिंगला आहे, मला ठाऊक आहे.” या लोकांना परस्परांच्या नटांच्या तारखा बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्क्या पाठ असतात.

माझ्या आधी हे वाटप बंद खोलीत व्हायचं आणि नंतर महिनाभर फोन वाजत राहायचे. कुणी म्हणे, अमक्याला चार रविवार दिले. कुणी म्हणे, तमक्याने तारखा घेऊन पुढे विकल्या. यात तथ्यही होतं. नाटकाच्या सवलतीच्या भाड्यात तारीख घ्यायची आणि ती ऑर्केस्ट्राला नाहीतर कुणाच्या सत्काराला गुपचूप द्यायची, हा धंदा सगळीकडे चालतो. मी एक साधी गोष्ट केली. वाटप झालं की त्याच संध्याकाळी पूर्ण तीन महिन्यांचा तक्ता मोठ्या कार्डशीटवर लिहून प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर लावायचा. सत्र, संस्था, कार्यक्रमाचं नाव, भाड्याचा दर. कुणी तारीख परत केली तर तांबड्या शाईने खूण. परवानगी वगैरे मागितली नाही. पहिल्या तिमाहीत दोन निर्माते भांडायला आले, एका कार्यालयातून ‘हे कुणाच्या आदेशाने?’ अशी विचारणा झाली. मी म्हटलं, तारखा सार्वजनिक पैशाने बांधलेल्या सभागृहाच्या आहेत. तो प्रश्न पुढे कुणी वाढवला नाही. दुसऱ्या तिमाहीपासून फोन निम्म्यावर आले.

त्या तक्त्याचा खरा उपयोग मला नंतर कळला. एका शुक्रवारी संध्याकाळी पत्र आलं की, रविवारी रात्रीचं सत्र ‘अपरिहार्य कारणास्तव’ ताब्यात घ्यावं. एका माननीयांचा अभीष्टचिंतन सोहळा आहे. आमच्या नियमावलीत तशी तरतूद होती, बहुतेक ठिकाणी असते. त्या रविवारी गाजलेलं नाटक होतं. प्लॅन गुरुवारीच उघडला होता आणि अर्ध्याहून जास्त तिकिटं गेली होती. निर्मात्याच्या व्यवस्थापकाला कळवलं. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, नेपथ्याचा ट्रक उद्या सकाळी निघतोय. तुम्ही मला लेखी द्या, मी खिडकीवर लावतो.” मी लेखी दिलं. त्याने ते तक्त्याच्या शेजारीच डकवलं. त्या नाटकाची बरीच तिकिटं एका ज्येष्ठ नागरिक संघाने एकगठ्ठा घेतली होती. शनिवारी सकाळी ती तिकिटं न्यायला आलेल्या त्यांच्यातल्या काही जणी ते पत्र वाचून माझ्याकडे आल्या. मी काही बोललो नाही. मला बोलता येत नव्हतं. त्यांनी भिंतीवरचा तक्ता पाहिला, रविवार रात्रीसमोर नाटकाचं नाव आणि भरलेलं भाडं पाहिलं, आणि त्या रिक्षा करून थेट माननीयांच्या घरी गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. एवढं खरं की, दुपारी दुसरं पत्र आलं आणि सोहळा एका मंगल कार्यालयात हलला. रविवारी नाटक वेळेवर सुरू झालं. तिसऱ्या घंटेला सभागृहात बसलेल्या त्या आजींपैकी एकीने मला बोटाने खुणावलं आणि पंखा लावायला सांगितला. वातानुकूलन त्या दिवशीही बंद होतं.

माझ्या नोकरीतली ही एक कलाटणी. तोवर मी समजत होतो की, पालिका वरच्याला घाबरते. ती तिकीट काढलेल्या माणसालाही घाबरते, फक्त त्या माणसाला ते माहीत नसतं.

दुसरी कलाटणी एका आयुक्तांमुळे. नवीन आले होते, चेहरा कुणाला फारसा ठाऊक नव्हता. एका रात्री स्वतः तिकीट काढून मागच्या रांगेत बसले, मध्यंतरात स्वच्छतागृहात जाऊन आले आणि दुसरा अंक बघून निघून गेले. सकाळी मला बोलावणं. बसा म्हणाले नाहीत. “तुमच्याकडे फ्लश दुरुस्त करायला किती दिवस लागतात?” मी खरं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे व्यवस्थापकाच्या हातात स्थायी अग्रिम ठेवण्याचा आदेश काढला. छोटी रक्कम, किरकोळ दुरुस्तीसाठी, महिन्याच्या शेवटी हिशेब द्यायचा. त्या काळात आमचं नाट्यगृह जेवढं नीट होतं तेवढं त्याआधी नव्हतं आणि नंतरही नाही. नळाचा वॉशर, खुर्चीचा तुटलेला हात, विंगेतला बल्ब, सगळं त्याच दिवशी. नाटकवाले विचारायचे, “इथं कोण बदललं?” कुणी बदललं नव्हतं. नऊशे खुर्च्यांच्या इमारतीला खिसा मिळाला होता. दोनेक वर्षांनी आयुक्तांची बदली झाली, लेखापरीक्षणात ‘दरपत्रकांशिवाय खरेदी’ असा आक्षेप निघाला आणि अग्रिम बंद झालं. आक्षेपातली रक्कम वाचून मला हसू आलं होतं. उत्तर लिहायला जो कागद गेला तो त्याहून महाग पडला असेल.

स्वच्छतागृहांवरून आठवलं. दुपारच्या प्रयोगाला बायका जास्त असतात, हे खिडकीवर बसणाऱ्या कुणालाही कळतं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. बायकांची रांग जिन्यापर्यंत, पुरुषांचं अर्धं मोकळं. दुसऱ्या अंकाची घंटा झाली तरी रांग संपलेली नसते, निर्माता ओरडतो, नट मेकअप रूममध्ये घड्याळ बघतात. मी तळमजल्यावरचं पुरुषांचं स्वच्छतागृह दुपारच्या प्रयोगापुरतं बायकांना देऊन टाकलं. पत्र्याची एक पाटी रंगवून घेतली, एका बाजूला ‘महिला’, दुसऱ्या बाजूला ‘पुरुष’; प्रयोग पाहून उलटायची. लेखी प्रस्ताव केला असता तर तो आजही कुठल्या तरी कपाटात असता.

लावणीच्या कार्यक्रमांबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण सभ्य लेखांत ते टाळतात. आठवड्याच्या मधल्या वारांना नाटकं येत नाहीत. त्या दिवशी नाट्यगृह भरतं ते लावणीने, ऑर्केस्ट्राने आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या स्नेहसंमेलनांनी. लावणीच्या विरोधात दर वर्षी एक तरी निवेदन यायचं, सांस्कृतिक वास्तूचं पावित्र्य वगैरे. आमचे काही सहकारीही नाक मुरडायचे, पण भाडं पूर्ण दराने घ्यायचे. माझा अनुभव असा की, लावणीवाल्या मंडळींइतका रंगमंच जपून वापरणारं कुणी नाही. आत पाऊल टाकण्याआधी फळीला हात लावून नमस्कार, शेवटी खोली झाडून किल्ली परत. पावित्र्याचं निवेदन ज्यांच्या शाळेने दिलं होतं त्यांच्याच संमेलनानंतर आम्ही रंगमंचावरून मूठभर खिळे काढले. नाटकवाले नेपथ्याच्या फ्लॅटला मागून ब्रेस लावतात आणि त्यावर वजन ठेवतात, लाकडात खिळा मारत नाहीत. शाळेच्या मांडववाल्याने थर्माकोलचा किल्ला खिळ्यांनी ठोकला होता. पुढे ‘फक्त महिलांसाठी’ लावणीचे प्रयोग सुरू झाले आणि तेही तुडुंब भरायला लागले. निवेदनं आपोआप कमी झाली.

तलावावरची माझी वर्षं थोडक्यात सांगतो, कारण तिथं गोष्ट एकच आहे. पालिकेने तलाव स्वतः चालवायचं बंद केलं आणि निविदा काढली: जो पालिकेला जास्त उत्पन्न देईल त्याला तलाव. ज्याने सगळ्यात मोठा आकडा टाकला त्याला तो आकडा कुठून तरी काढायचा असतो. पास महाग करता येत नाही, दर ठरलेला. मग तो क्लोरीनमध्ये आणि जीवरक्षकांमध्ये काढतो. मी सकाळच्या पहिल्या बॅचआधी जाऊन नळीत तलावाचं पाणी घ्यायचो, त्यात तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकायचो. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी तसंच राहिलं तर नाही. ते बऱ्याचदा तसंच राहायचं. ठेकेदाराचा माणूस म्हणायचा, “साहेब, आत्ताच टाकलंय, मिसळायला वेळ लागतो.” उन्हाळी शिबिरात, एप्रिल-मेमध्ये, मुलांची गर्दी झाली की पाणी हिरवट व्हायचं आणि आईबाप मुलांचे डोळे लाल झाले म्हणून यायचे. ‘जास्तीत जास्त उत्पन्न’ हा निकष दुकानाच्या गाळ्याला ठीक आहे. मुलं जिथं पोहायला शिकतात तिथं तो लावणं मला आजही गुन्हा वाटतो.

वाचनालयाचं काय झालं तर त्याची अभ्यासिका झाली. सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारे म्हातारे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं यांच्यात टेबलांवरून भांडणं व्हायची. दोघांचंही बरोबर होतं. पुस्तकांची कपाटं हळूहळू भिंतीकडे सरकली आणि मग कुलुपात गेली. त्या मुलांपैकी काही जण आज सरकारी खुर्च्यांवर आहेत. एक जण तर लेखापरीक्षणात आहे असं ऐकतो.

आमच्या इमारतीत तळघराशेजारी एक लांबट खोली होती. निवडणुकीचं सामान, मोडक्या खुर्च्या, जुने फलक असं काय काय त्यात. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारी हौशी मंडळी तालमीला जागा द्या म्हणून दर पावसाळ्यानंतर यायची. नाटकाची तालीम म्हणजे रोज तीन-चार तास, दोन महिने. मंगल कार्यालयाचं भाडं त्यांना परवडत नाही, शाळा रात्री उघडत नाही. एका सुट्टीत आम्ही चौघांनी ती खोली रिकामी केली, दोन पंखे लावले आणि नाममात्र दराने तालमींना द्यायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी तिथं चार संघ पाळीने बसले. बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, एक रिक्षावाला, दोन कॉलेजच्या मुली. खाली कोरस चालायचा तो वर ऑफिसात ऐकू यायचा. माझ्या मते आमच्या महापालिकेने संस्कृतीसाठी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते होतं आणि ते अंदाजपत्रकात कुठेच नव्हतं. पुढच्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी खोली परत घेतली गेली ती गेलीच.

याच्या अगदी उलट महोत्सव. महोत्सवाला लेखाशीर्ष असतं, समिती असते, फलक असतात, फलकांवर फोटो असतात. महोत्सवाच्या मांडवाचं बिल मंजूर व्हायला लागलेला वेळ आणि नाट्यगृहाच्या गळणाऱ्या छताचं बिल मंजूर व्हायला लागलेला वेळ यांची तुलना मी मुद्दाम एका वहीत ठेवली होती. त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं. मी महोत्सवाच्या विरोधात नाही. तीन दिवस हजारो लोक फुकटात चांगलं गाणं ऐकतात, त्यात वाईट काय. पण पालिकेने कार्यक्रम निवडायचा सोस कमी करावा असं माझं पक्कं मत झालं आहे. गाणं कुणाचं ठेवायचं हे गावातल्या संगीत मंडळाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. आम्ही स्वच्छ, स्वस्त आणि वेळेवर उघडणारी जागा द्यावी. एवढं केलं तरी पुष्कळ आहे, आणि तेवढंच होत नाही.

टाळेबंदीत मार्च २०२० ला नाट्यगृह बंद झालं. बंद नाट्यगृह चालू नाट्यगृहापेक्षा जास्त काम मागतं हे मला तेव्हा समजलं. पावसाळ्यात खुर्च्यांच्या कापडाला बुरशी धरली, पडद्यांना कुबट वास आला. दर आठवड्याला दारं उघडून पंखे लावायला दोघं जण लागायचे आणि त्यासाठी पासची व्यवस्था. नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने परवानगी मिळाली तेव्हा एकाआड एक खुर्चीवर फुली मारायची होती. चिकटपट्टीचे बंडल मी खिशातून आणले. वसंतात पुन्हा बंद. २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडलं तेव्हा पडदा ओढणारे आमचे दादा भाजीची गाडी सोडून परत आले, विंगेतल्या दोराला हात लावून पाहिला आणि म्हणाले, “हा बदलायला लागेल.” तो बदलायला आठ महिने लागले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ सालचं, खासबाग मैदानाला लागून, आता तिथल्या महापालिकेचं. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती. त्या बातमीने नाट्यगृहात काम करणाऱ्या कुणालाही झोप लागली नसेल. आमच्याकडे लगेच सगळी पाहणी झाली. तेव्हा लक्षात आलेली एक गोष्ट सांगतो. पडद्यांवर आग लवकर पकडू नये म्हणून द्रावण फवारतात. पडदा धुतला की ते निघून जातं, पुन्हा फवारावं लागतं. आमच्याकडे पडदे धुण्याचं काम एका विभागाच्या ठेक्यात आणि फवारणी दुसऱ्याच्या. धुणाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं, फवारणीवाल्याचं प्रमाणपत्रही फाइलीला होतं. फक्त फवारणी आधी झाली होती आणि धुणं नंतर. दोन्ही फाइली पूर्ण, दोन्ही बिलं अदा, पडदा कोरडा ठणठणीत.

माझी मागणी काही मोठी नाही आणि नवीही नाही. नाट्यगृहाला पूर्णवेळ व्यवस्थापक द्या आणि त्याला किमान पाच वर्षं हलवू नका. किरकोळ दुरुस्तीची रक्कम त्याच्या हातात ठेवा. नाट्यगृहाच्या भाड्याचं उत्पन्न सर्वसाधारण निधीत बुडवू नका, त्यातला ठरलेला वाटा त्याच इमारतीवर खर्च करा. तालमीची एक खोली ठेवा आणि ती निवडणुकीलासुद्धा परत घेऊ नका. ‘नाट्यगृह तोट्यात आहे’ असं कुणी म्हणालं तर त्याला उद्यान नफ्यात आहे का ते विचारा.

वाचकांनाही एक सांगणं आहे. नाटकाला गेलात आणि वातानुकूलन बंद असलं तर समाजमाध्यमावर लिहा, हरकत नाही, पण व्यवस्थापकाकडे तक्रारवही मागा, त्यात लिहा आणि सही करा. त्या वहीतल्या ओळींचा आधार घेऊनच आमच्यासारख्यांना फाइल पुढे ढकलता येते. २०२० पासून राज्यातल्या बहुतेक महापालिकांवर प्रशासक आले तेव्हा तर लोकांची सही हाच आमच्याकडे उरलेला आधार होता. आणि दर वर्षी मार्चअखेरच्या आत तुमच्या महापालिकेचं अंदाजपत्रक मांडलं जातं, ते कुणालाही बघता येतं. त्यात नाट्यगृह देखभाल-दुरुस्ती आणि महोत्सव या दोन ओळी शोधा, त्यांच्यापुढचे आकडे एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन तुमच्या नगरसेवकाच्या घरी जा. एकट्याने नको, चार-पाच जण मिळून रिक्षाने जा.